मुळे नसलेले पीक

स्फॅग्नम या वनस्पतीला मूळ नसते. मातीतून क्षार शोषून घेणारी यंत्रणा नाही, पाणी वर चढवणाऱ्या वाहिन्या नाहीत आणि पूर्ण वाढलेल्या रोपाला जमिनीशी बांधून ठेवणारा एकही तंतू नाही. तरीही उत्तर युरोप, कॅनडा आणि सायबेरिया येथील विस्तीर्ण दलदलींचे पाणी, माती आणि कार्बन यांचा कारभार मुख्यतः हीच वनस्पती सांभाळते. पावसाळ्यात भिंतीवर आणि विहिरीच्या काठावर येणाऱ्या हिरव्या थराला मराठीत सरसकट शेवाळ म्हटले जात असले, तरी शास्त्रीय वर्गीकरणात पाण्यातली शैवले वेगळी आणि खोड-पानांचा आभास निर्माण करणाऱ्या, फुले-बिया नसलेल्या हरिता वेगळ्या मानल्या जातात. स्फॅग्नम ही या हरितांपैकी एक प्रजाती असून तिच्यात तीनशेहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. गेल्या दोन-तीन दशकांत या वनस्पतीची शेती करण्याचे गंभीर प्रयत्न सुरू झाले आहेत. या शेतीत नांगरट नाही, खत नाही आणि बियाणेही नाही. करणाऱ्याचे बहुतेक सगळे काम पाण्याशी असते.

हे काम असे का असते, ते वनस्पतीच्या रचनेवरून कळते. स्फॅग्नमची एक काडी हातात घेतली, तर तिच्या टोकाशी कोवळ्या फांद्यांचा दाट गुच्छ दिसतो. या शीर्षगुच्छातूनच पुढची वाढ होते. त्याखाली काडीवर थोड्या थोड्या अंतराने फांद्यांचे झुबके असतात आणि प्रत्येक झुबक्यातील काही फांद्या बाजूला पसरलेल्या, तर काही काडीला चिकटून खाली लोंबणाऱ्या असतात. या लोंबत्या फांद्या आणि काडी यांच्यामधल्या बारीक फटींतून पाणी केशाकर्षणाने, म्हणजे पणतीतले तेल वातीतून ज्योतीपर्यंत चढते त्याच रीतीने, शीर्षगुच्छापर्यंत पोहोचते. पान एकाच पेशीच्या जाडीचे असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यात दोन प्रकारच्या पेशींचे जाळे दिसते. अरुंद, हिरव्या, जिवंत पेशी प्रकाशसंश्लेषण करतात, म्हणजे सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. त्यांच्यामध्ये असलेल्या मोठ्या, रंगहीन पेशी मेलेल्या आणि पोकळ असतात, त्यांच्या भिंतींना छिद्रे असतात आणि त्या कोसळू नयेत म्हणून आतून वळ्यांसारखे जाड पट्टे असतात. या मृत पेशी पाण्याने भरतात, आणि त्यांच्यामुळे व फांद्यांमधल्या फटींमुळे ही वनस्पती आपल्या कोरड्या वजनाच्या पंधरा ते पंचवीस पट पाणी धरू शकते. पाणी संपले की याच पेशींत हवा शिरते आणि हिरवी किंवा तांबूस दिसणारी टोके पांढरट पडतात. लागवड करणाऱ्याला धोक्याची पहिली सूचना या पांढऱ्या टोकांतूनच मिळते. कोरड फार काळ टिकली नसेल, तर पाणी मिळताच रंग परत येतो.

पाणी साठवण्याइतकाच महत्त्वाचा गुण म्हणजे आम्लता निर्माण करणे. स्फॅग्नमच्या पेशीभित्तिकांमध्ये युरोनिक आम्लांचे प्रमाण मोठे असते. पावसाच्या आणि भूजलाच्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे धनभारित आयन या भित्तिका धरून ठेवतात आणि त्यांच्या बदल्यात हायड्रोजन आयन पाण्यात सोडतात. त्यामुळे भोवतालच्या पाण्याचा सामू ४ च्या आसपास, कधी त्याहूनही खाली येतो. अशा आम्लधर्मी, क्षारहीन आणि प्राणवायूला पारख्या पाण्यात इतर बहुतेक वनस्पतींना जम बसवता येत नाही, कुजवणारे जीवाणूही मंदावतात आणि स्फॅग्नमला मात्र मोकळे रान मिळते. दलदलीत उगवणारी ही वनस्पती स्वतःच दलदल घडवते, असे म्हणण्यात त्यामुळे अतिशयोक्ती नाही.

काडी वरून वाढत असताना खालून मरत जाते, आणि मेलेला भाग न कुजता साचत राहतो. या साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या थराला पीट म्हणतात. उत्तरेकडील दलदलींत हा थर वर्षाला ढोबळमानाने एक मिलिमीटर चढतो, म्हणजे मीटरभर पीट साचायला हजारेक वर्षे लागतात. पीटभूमींनी पृथ्वीच्या जमिनीचा जेमतेम ३ टक्के भाग व्यापलेला असला, तरी जगातल्या सर्व जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून नसेल इतका कार्बन त्यांच्यात साठलेला आहे. या परिसराची टिकवण्याची ताकद किती, याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा डेन्मार्कमधल्या सिल्केबोर्गजवळ १९५० मध्ये मिळाला. पीट खणणाऱ्यांना सापडलेल्या त्या प्रेताच्या हनुवटीवरचे खुंट इतके स्पष्ट होते की हा अलीकडचा खून असावा असा समज झाला. प्रत्यक्षात तो टॉलुंडचा माणूस इसवी सनापूर्वी चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास मरण पावला होता. शोषकता आणि आम्लता या दोन्ही गुणांचा उपयोग पहिल्या महायुद्धात जखमांवरच्या पट्ट्यांसाठी झाला. कापसाचा तुटवडा पडल्यावर एडिनबरो येथील शल्यविशारद चार्ल्स कॅथकार्ट यांनी स्फॅग्नमच्या पट्ट्यांचा पुरस्कार केला आणि १९१८ पर्यंत ब्रिटनमधून दरमहा सुमारे दहा लाख पट्ट्या रुग्णालयांकडे रवाना होऊ लागल्या. हे सगळे स्फॅग्नम गावोगावच्या स्वयंसेवकांनी दलदलीतून हाताने गोळा केलेले होते. तेव्हा ते पिकवावे असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

ते कारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फुलशेतीने आणि रोपवाटिकांनी पुरवले. वरच्या थरांतले, कमी कुजलेले पीट वजनाला हलके असते, तणांच्या बियांपासून जवळजवळ मुक्त असते, पाणी आणि हवा दोन्ही धरते, आणि त्यात मुळात अन्नद्रव्ये व क्षार नसल्यामुळे उत्पादकाला हवी ती खते आणि हवा तो सामू मोजून मापून देता येतो. युरोपातील कुंड्यांची माती म्हणजे मुख्यतः पीट, असे समीकरण त्यातून तयार झाले. पीट काढायचे तर आधी दलदलीत चर खणून पाणी काढून टाकावे लागते. पाणी गेले की हवा आत शिरते, हजारो वर्षे थांबलेले कुजणे सुरू होते आणि साठलेला कार्बन वायुरूपाने बाहेर पडू लागतो. चराई आणि शेतीसाठी कोरड्या केलेल्या पीटभूमींची गतही हीच आहे. जर्मनीच्या एकूण हरितगृह वायू उत्सर्जनापैकी सुमारे ७ टक्के वाटा अशा निचरा केलेल्या पीटभूमींचा मानला जातो. आयर्लंडमध्ये १९४६ साली स्थापन झालेल्या बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने, जिचा जन्मच मुळी पीट खणण्यासाठी झाला होता, पीट काढणे कायमचे थांबवल्याची घोषणा २०२१ च्या जानेवारीत केली. इंधन म्हणून जाळल्या जाणाऱ्या पीटला पर्याय सापडले. कुंडीतल्या मातीला तितका चांगला पर्याय शोधणे अधिक अवघड निघाले. ताज्या, न कुजलेल्या स्फॅग्नमचे भौतिक गुण पीटशी सर्वांत जवळचे असल्यामुळे, जे खणून काढले जाते तेच वरच्यावर पिकवून कापता येईल का, हा प्रश्न संशोधकांपुढे आला.

त्याचे सर्वांत तपशीलवार उत्तर जर्मनीच्या लोअर सॅक्सनी प्रांतात, ओल्डेनबुर्गजवळच्या रास्टेडे गावालगत हांकहाउझन येथे शोधले जात आहे. ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठातील हान्स योस्टेन आणि ग्रेटा गाउडिग यांच्यासारख्या पीट-अभ्यासकांनी उद्योगातील भागीदारांना सोबत घेऊन २०११ मध्ये येथे सुमारे चार हेक्टरांवर स्फॅग्नम लावले आणि पाच वर्षांनी क्षेत्र वाढवून चौदा हेक्टरांच्या घरात नेले. जमीन पूर्वी निचरा करून गवताळ कुरण केलेली पीटभूमी होती. तिचा वरचा, खतांनी आणि कुजण्याने बिघडलेला थर तीस ते पन्नास सेंटिमीटरपर्यंत खरवडून काढण्यात आला आणि तोच माल वापरून वाफ्यांच्या मधून जाणारे बांध घालण्यात आले. मग जमीन काटेकोर सपाट केली गेली. सपाटीचा हा आग्रह भातखाचराच्या चिखलणीची सवय असलेल्या कोकणातल्या शेतकऱ्याला सहज समजेल, मात्र येथे चुकीला वाव फारच कमी असतो, कारण वाफ्याचा एक कोपरा काही सेंटिमीटर उंच राहिला तर तिथली टोके वाळतात आणि तेवढाच खोल राहिला तर तिथले तुकडे पाण्यावर तरंगून वाहून जातात.

लागवडीसाठी बीज लागत नाही. स्फॅग्नमला बीजुके येतात, आणि ती बाहेर पडण्याची रीतही विलक्षण आहे: बीजुकांची गोल डबी सुकताना आक्रसते, आतली हवा दाबली जाते, झाकण उडते आणि बीजुकांचा ढग धुराच्या वलयासारख्या भोवऱ्यातून दहा सेंटिमीटरहून उंच फेकला जातो. ड्वाइट व्हिटकर आणि जोन एडवर्ड्स या अमेरिकन संशोधकांनी हे २०१० मध्ये अतिवेगवान चित्रणाने दाखवून दिले. शेतीच्या दृष्टीने मात्र दुसरा गुण कामाचा आहे, तो म्हणजे काडीच्या जवळजवळ कोणत्याही कोवळ्या तुकड्यापासून नवे रोप फुटणे. हांकहाउझनला असे तुकडे पातळ थरात पसरले गेले, चिखलात न रुतणाऱ्या रुंद पट्ट्यांच्या वाहनाला शेणखत पसरवण्याचे यंत्र जोडून, आणि त्यांवर ऊन व वाऱ्यापासून आडोसा म्हणून काडाचे आच्छादन घालण्यात आले. निवडलेल्या जातींत स्फॅग्नम पॅपिलोसम आणि स्फॅग्नम पालुस्ट्रे यांचा भर होता, कारण दलदलीतल्या उंचवट्यांवर राहणाऱ्या जाती सावकाश वाढतात आणि डबक्यात तरंगणाऱ्या जातींचा सांगाडा कुंडीसाठी फार मऊ पडतो. वाफ्यांच्या कडेच्या चरांतून पाणी आत सोडण्याची आणि जास्तीचे बाहेर काढण्याची सोय असते. पाण्याची पातळी सुरुवातीला पृष्ठभागाच्या अगदी लगत ठेवावी लागते आणि हिरवळ जसजशी उंचावते तसतशी तीही वर न्यावी लागते. खरी परीक्षा उन्हाळ्यात होते, कारण नेमक्या त्या दिवसांत बाष्पीभवनही सर्वाधिक असते आणि आसपासच्या ओढ्यांत पाणीही कमी असते. हे जमले, तर दीड-दोन वर्षांत वाफा गालिच्यासारखा भरून येतो.

त्यानंतरची निगा म्हणजे मुख्यतः कापणी, पण पिकाची नव्हे, तणाची. लव्हाळ्याच्या जवळचे, सरळसोट हिरव्या काड्यांचे जुंकस हे तण अशा ओल्या वाफ्यांत भराभर माजते आणि वर्षातून अनेकदा छाटावे लागते. बर्च झाडांची रोपे उपटावी लागतात. सावली थोडी असेल तर स्फॅग्नमला ती मानवते, पण तणांचा पालापाचोळा त्यावर पडून राहिला की खालची टोके गुदमरतात. दाट वाढलेल्या गालिच्यात एका छोट्या अळंबीचे कवक शिरते आणि तिथे तपकिरी चट्टे पडतात. पीक हाती यायला तीन ते पाच वर्षे जातात. मऊ वाफ्यावर यंत्र उतरवता येत नसल्याने बांधावर उभ्या केलेल्या लांब हाताच्या खोदयंत्राला कापणीचे पाते लावून वरचा थर कापतात. मागे राहिलेल्या बुडख्यांतून पुन्हा फूट येते आणि नव्याने लागवड करावी लागत नाही. उत्पादन हेक्टरी वर्षाला साधारण तीन ते सहा टन कोरडा माल इतके मिळते. हे आकडे उत्साहवर्धक असले, तरी खणलेल्या पीटशी किमतीची स्पर्धा करण्याइतके ते आजही नाहीत. सुरुवातीचे जिवंत बेणे महाग पडते, पाण्याची यंत्रणा महाग पडते आणि तण छाटण्याची मजुरी तर सर्वांत महाग. खणलेल्या पीटच्या किमतीत त्यातून उडालेल्या कार्बनचा हिशेब धरलेला नसतो, हे लक्षात घेतल्याशिवाय मात्र ही तुलना न्याय्य म्हणता येणार नाही. लागवडीच्या वाफ्यांत दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पती आणि दलदलीतले दुर्मीळ कोळी आपणहून परतले, हा लाभही कोणाच्या जमाखर्चात दिसत नाही.

कॅनडातील क्वेबेक प्रांतात याच तंत्राचा उगम वेगळ्या गरजेतून झाला. पीट खणून झाल्यावर उरलेल्या काळ्या, उघड्या जमिनीवर स्फॅग्नम आपणहून परत येत नाही, हे लक्षात आल्यावर लावाल विद्यापीठातील लीन रोशफोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळच्या जिवंत दलदलीतला वरचा दहाएक सेंटिमीटरचा थर काढून तो सुमारे दसपट क्षेत्रावर पसरण्याची, त्यावर हेक्टरी तीन टन काड अंथरण्याची आणि जुने चर बुजवण्याची पद्धत बसवली. इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये अडचण निराळीच होती: मँचेस्टरसारख्या गिरणीनगरांच्या धुरातील गंधकवायूंनी तिथले स्फॅग्नम दीड शतकात जवळपास नाहीसे केले होते, त्यामुळे बेणे आणायलाच जवळपास पुरेशी जिवंत दलदल नव्हती. तिथे प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने, म्हणजे निर्जंतुक काचपात्रात तुकड्यांपासून वाढवलेली लहान रोपे हजारोंच्या संख्येने डोंगरमाथ्यांवर लावली जात आहेत. चिलीतील चिलोए बेटावर मात्र अजूनही लागवडीपेक्षा गोळा करण्यावरच भर आहे. पोम्पोन या स्थानिक नावाने ओळखले जाणारे तिथले स्फॅग्नम हाताने उपटून, वाळवून तैवान-जपानकडे ऑर्किडसाठी जाते. या बेटाला हिमशिखरे नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात तिथल्या गावांना पाणी पुरवण्यात या दलदलींचा वाटा मोठा आहे, आणि म्हणूनच उपसा किती व्हावा हा तिथे केवळ व्यापाराचा प्रश्न राहिलेला नाही.

भारतात स्फॅग्नमच्या जाती हिमालयात, ईशान्येत आणि निलगिरीसारख्या उंच, थंड प्रदेशांत आढळतात. निलगिरीच्या खोऱ्यांतले पीट मुख्यतः गवत व लव्हाळ्यांपासून बनलेले असले, तरी ते वीस हजार वर्षांहून जुन्या काळापर्यंत मागे जाते, आणि त्यातील कार्बनच्या समस्थानिकांवरून रामन सुकुमार व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दक्षिण भारताच्या मोसमी पावसाचा प्राचीन इतिहास मांडला होता. महाराष्ट्रात स्फॅग्नमच्या दलदली नाहीत, पण त्यांच्याशी नाते सांगणारी परिस्थिती आहे: कास पठाराच्या सड्यांवर पावसाळ्यात जिथे पाणी झिरपत राहते आणि अन्नद्रव्ये जवळजवळ नसतात, तिथे दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती फुलतात. युरोपच्या दलदलीतील दवबिंदू स्फॅग्नमच्या गालिच्यात वाढतो तो याच उपासमारीमुळे. बाकी इथे स्फॅग्नम पोहोचते ते वाळवलेल्या स्वरूपात, ऑर्किडच्या मुळांभोवती गुंडाळण्यासाठी आणि मनीप्लांटच्या मॉस स्टिकसाठी. भाजीपाल्याच्या रोपांचे ट्रे तर आधीपासून कोकोपीटवरच चालतात, आणि दक्षिणेत नारळाच्या काथ्याचा उद्योग असताना त्यांच्यासाठी परदेशी पीट मागवण्यात काही शहाणपण नाही.

हौशी उत्पादकाला जिवंत स्फॅग्नम घरी वाढवायचे असेल, तर युरोपातल्या वाफ्याचेच नियम ट्रेच्या आकारात पाळावे लागतात. दहा-बारा सेंटिमीटर खोल प्लॅस्टिकचा ट्रे सोयीचा, कारण मातीच्या भांड्यातून क्षार पाझरतात. ट्रेच्या भिंतीला तळापासून चार-पाच सेंटिमीटरवर भोके पाडली की तेवढे पाणी आत राहते आणि पावसाचे जास्तीचे वाहून जाते. तळाशी धुतलेले वाळके स्फॅग्नम भरून, त्यावर जिवंत काड्यांचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे टोके वर करून दाटीने मांडायचे आणि तळहाताने हलके दाबायचे. पाणी कडेने ओतावे, म्हणजे ते खालून वर चढते. पातळी टोकांच्या तीन-चार सेंटिमीटर खाली राहिली तर वाढ घट्ट होते. टोकांना टेकली तर काड्या लांब, विरळ होतात आणि त्यांच्यावर शैवलाची बुळबुळीत साय धरते. खत अजिबात घालू नये. पावसावर जगणाऱ्या दलदलींना हवेतून येणारे नत्र हेक्टरी वर्षाला पाच-दहा किलोंच्या वर गेले तरी सोसत नाही. ट्रेमध्ये चिमूटभर युरियाने आधी शैवल आणि मग तण फोफावते.

पाण्याची निवड हा सगळ्यात कळीचा मुद्दा. दख्खनच्या बेसाल्टमधून येणारे बोअरचे पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमने जड असते, आणि स्फॅग्नमची आयन-विनिमयाची सारी ताकद ते पचवण्यातच खर्ची पडते. काही आठवड्यांत टोके पिवळी, मग तपकिरी होतात. पावसाचे पाणी सर्वांत उत्तम, मात्र पहिल्या एक-दोन सरींनी छपरावरची धूळ धुऊन निघाल्यानंतरचे. ते संपल्यावर आरओचे शुद्ध पाणी चालते, टीडीएस ५० च्या आत असेल तर. आरओच्या यंत्रातून बाजूला पडणारे पाणी साठवून झाडांना घालण्याची जी काटकसर शहरांतून रुजली आहे, ती इतर झाडांपैकी काहींना निभावते, स्फॅग्नमला मात्र ती थेट मारक ठरते, कारण गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. उन्हाचे म्हणाल तर सकाळचे कोवळे ऊन आणि नंतर निम्म्या सावलीची शेडनेट पुरते. खरी अडचण एप्रिल-मेची. कोरड्या हवेला पारदर्शक झाकणाने उत्तर देता येते, पण बंद झाकणाखाली उष्णता कोंडते. तेव्हा झाकण तिरपे ठेवून, ट्रे पूर्वेच्या वा उत्तरेच्या गॅलरीत जमिनीलगत ठेवणे हाच मधला मार्ग. आंबोली-महाबळेश्वरच्या धुक्यात हे काम सोपे आहे, नागपूरच्या उन्हाळ्यात ते जवळजवळ अशक्य मानावे.

बेणे मिळवण्याची एक गमतीदार वाट आहे. ऑर्किडसाठी आणलेल्या वाळक्या स्फॅग्नममध्ये जिवंत तुकडे किंवा बीजुके शिल्लक असतील, तर ते स्वच्छ पाण्यात भिजवून उजेडात ठेवल्यावर काही महिन्यांत त्यातून हिरवे ठिपके उगवतात. निलगिरीच्या किंवा हिमालयाच्या ओलसर उतारावरून मूठभर उपटून आणण्यापेक्षा ही वाट शंभर पटींनी चांगली. स्फॅग्नम हाताळताना हातमोजे घालणे मात्र आवश्यक आहे. त्यावर राहणारे स्पोरोथ्रिक्स हे कवक ओरखड्यांतून त्वचेत शिरते आणि गाठींच्या रांगा उठवणारा रोग जडवते. अमेरिकेत १९८८ साली स्फॅग्नममध्ये गुंडाळून पाठवलेल्या झाडांच्या रोपांमुळे १५ राज्यांत ८४ जणांना त्याची लागण झाली होती.

ट्रे भरून गालिचा कडेच्या वर फुगला की कात्रीने सरसकट कापणी करावी. वरचे दोन-तीन सेंटिमीटर शीर्षगुच्छासह नव्या ट्रेला बेणे म्हणून जातात, त्याखालचा फिकट भाग सावलीत वाळवून ऑर्किडच्या कुंडीला उपयोगी पडतो, आणि जुन्या ट्रेमध्ये उरलेल्या बुडख्यांतून पुढच्या पावसाळ्यापर्यंत नवी टोके फुटतात.